दिवाळींत मुलांची झोंप



दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणजे मंठ्याच्या बसस्थानकावर उतरणारी गर्दी पाहूनच सण जवळ आल्याचें कळतें. जालना जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव; कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या टापूंतलें. येथील शिकलेलीं मुलें पुण्यास, मुंबईस, छत्रपति संभाजीनगरास नोकरीसाठीं गेलेलीं असतात आणि वर्षांतून एकदां, दिवाळीस, सहकुटुंब परततात. पुण्याहून निघालेल्या गाडीस साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास मजल मारावी लागते; रेल्वेनें येणारे परतूरला उतरून पुढची वाट मोटारीनें कापतात. या मंडळींत एक प्रवासी असा असतो कीं, त्याला सण म्हणजे काय तें ठाऊक नसतें, आजोळ कोणतें आणि घर कोणतें हेंहि ठाऊक नसतें, आणि त्याचें मत तर कोणीच विचारीत नाहीं. तो म्हणजे आईच्या मांडीवरचें आठदहा महिन्यांचें, किंवा वडिलांच्या खांद्यावरचें दोन वर्षांचें मूल.

पहिला दिवस कौतुकांत जातो. दुसऱ्या दिवशीं मूल किरकिरूं लागतें. तिसऱ्या दिवशीं तें दूध नाकारतें, कोणाच्याहि कडेवर ठरत नाहीं, आणि रात्रीं दोन वाजतां उठून असें रडतें कीं शेजारच्या घरीं दिवा लागतो. मग निदानास आरंभ होतो. कोणी म्हणतें, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरल्या जातात. कोणी म्हणतें, पाणी बदललें. कोणी हिरड्या चांचपून दांतांवर खापर फोडतें. यांपैकीं एखादें कारण खरेंहि असूं शकेल, आणि ताप, उलट्या किंवा दूध न पिणें दिसलें तर डॉक्टरांकडे जाण्याच्या आड सण येऊं देतां कामा नये. परंतु पुष्कळ घरांत कारण याहून फार साधें असतें. मुलाला तीन दिवस पुरेशी झोंप मिळालेली नसते.

पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत झोंपेचे तास दिलेले आहेत. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत १४ ते १७ तास. चार ते अकरा महिन्यांच्या मुलास १२ ते १६. एक व दोन वर्षांच्या मुलास ११ ते १४. तीन व चार वर्षांच्या मुलास १० ते १३. दिवसाची झोंप यांतच धरावयाची. आतां नरकचतुर्दशीचा हिशेब मांडून पाहावा. आदल्या रात्रीं चकल्या तळून होईपर्यंत अकरा वाजलेले. तोंवर मूल या मांडीवरून त्या मांडीवर. पहांटे चारला अभ्यंगस्नानासाठीं उठवणूक. स्नानानंतर जरा डोळा लागतो तोंच दारांत फटाका. सकाळीं फराळाला आलेल्यांना 'बाळ दाखवा' म्हणून पाळणा हलतो, दुपारीं आत्या येते म्हणून पुन्हां हलतो. दहा महिन्यांच्या जिवाच्या वांट्याला साऱ्या अहोरात्रांत सातआठ तास आले तरी पुष्कळ, आणि तेहि तुकड्यातुकड्यांनीं. मोठें माणूस दुसऱ्या दिवशीं दुपारीं ताणून देतें आणि उणें भरून काढतें. लहान मुलाचें तसें नसतें. फार थकलेलें मूल शांत पडण्याऐवजीं अधिकच चाळवतें, हातपाय झाडतें, आणि झोंपेची वेळ टळून गेल्यावर झोंपेलाच विरोध करतें. 'एवढा दमला तरी झोंपत नाहीं' असें आश्चर्यानें म्हणणाऱ्या घरांत 'दमला म्हणूनच झोंपत नाहीं' ही शक्यता कोणाच्या मनांत येत नाहीं.

तान्ह्या मुलाची झोंप ही मोठ्यांच्या झोंपेची लहान आवृत्ति नव्हे. पहिले दोनतीन महिने त्याला रात्र आणि दिवस यांचा भेदच नसतो. तो भेद उजेड, अंधार आणि घराचा दिनक्रम यांच्या संगतीनें हळूहळू अंगीं मुरतो. मोठ्या माणसाच्या झोंपेचें एक आवर्तन सुमारें दीड तासाचें, तर तान्ह्याचें पाऊण ते एक तासाचें. म्हणजे दर तासाभरानें तें झोंपेच्या पृष्ठभागावर येतें. त्याच्या झोंपेचा जवळजवळ निम्मा भाग अस्वस्थ झोंपेचा असतो. त्या वेळीं पापण्यांखालीं बुबुळें फिरतात, ओठ हलतात, मूल कण्हतें, हसतें, हात उडवितें. शिकागोच्या आसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोन संशोधकांनीं १९५३ सालीं झोंपेंतील या डोळ्यांच्या हालचालींचें वर्णन प्रसिद्ध केलें. मराठवाड्यांतील आजीबाईंना तें दृश्य पूर्वींपासून ठाऊक होतें. 'सटवाई बाळाला हसविते आहे' असें म्हणून त्या गप्प बसत. स्पष्टीकरण कोणतेंहि असो, गप्प बसण्याची ती रीत उत्तम होती. आज होतें असें कीं, मूल झोंपेंत जरा कुरकुरलें कीं पांच माणसें पाळण्याकडे धांवतात, त्याला उचलतात, आणि जें दोन मिनिटांत आपोआप पुन्हां झोंपलें असतें त्याला पुरतें जागें करतात. पाहुण्यांच्या घरांत मदतीला हात पुष्कळ असतात, हीच अडचण.

दिवाळींतला सर्वांत नाजूक प्रश्न अभ्यंगस्नानाचा. सूर्योदयापूर्वीं जो न्हात नाहीं तो नरकास जातो, या लोकसमजुतीची धास्ती घेऊन तान्ह्यालाहि चार वाजतां पाटावर ठेवणारीं घरें आहेत. शास्त्राचाच आधार हवा असेल तर तो मुलाच्या बाजूनें आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील दहाव्या अध्यायांत बालसंगोपनाचे नियम सांगतांना, निजलेल्या बालकास एकाएकीं उठवूं नये, कारण त्यानें तें दचकतें व भितें, असें स्पष्ट म्हटलें आहे. व्रतें आणि नियम यांतून बाल, वृद्ध आणि रोगी यांना सूट देण्याची आपल्याकडील परंपरा तर सर्वश्रुत आहे. तेव्हां मूल सात वाजतां आपण होऊन उठेल, मग कोंवळ्या उन्हांत त्याला तेल लावावें, कोमट पाण्यानें न्हाऊं घालावें आणि ओंवाळावें; त्यांत सणाचें कांहीं उणें होत नाहीं. उटणें मात्र मोठ्यांपुरतेंच असावें. बाजारच्या उटण्यांतील सुगंधी द्रव्यें तान्ह्याच्या कातडीला सोसतीलच असें नाहीं, आणि खाज सुटलेलें मूलहि झोंपत नाहीं.

येथें खरी गोम अशी कीं, हें सर्व पुष्कळदां मुलाच्या आईला पटलेलें असतें; परंतु तें म्हणण्याचा अधिकार तिला नसतो. पुण्यांत ती आपल्या घरची मालकीण असते. साडेआठला मूल झोंपवावयाचें तर साडेआठला झोंपवूं शकते. मंठ्याला ती सून म्हणून येते. सासऱ्यांचे स्नेही रात्रीं नऊला नातवाला पाहावयास आले, तर 'तो झोंपला आहे' हें वाक्य तिच्या तोंडून उद्धट वाटतें, आणि 'बाळाला बाहेर आण' ही आज्ञा मोडण्याचें धैर्य तिच्यापाशीं नसतें. मुलाचा बाप आपल्या मित्रांत बसलेला असतो. त्याला हा प्रश्न आहे हेंच ठाऊक नसतें. परिणाम असा होतो कीं, सणाचे चार दिवस ती स्वतः उपाशीपोटीं फराळ वाढते, रात्रभर रडतें मूल खांद्यावर घेऊन ओसरीवर फेऱ्या घालते, आणि वर 'शहरांतल्या मुलांना सवयच नाहीं माणसांची' हा शेराहि ऐकते.

हें काम आजीचें आहे. घरांत जिच्या शब्दाला वजन आहे तिनें उंबऱ्यांत उभें राहून, 'नातू निजला आहे, उद्यां सकाळीं या, मनसोक्त खेळवा,' असें म्हटलें तर पाहुण्यांना राग येत नाहीं. उलट आजीच्या मायेचें कौतुकच होतें. तेंच वाक्य सुनेनें म्हटलें तर तें तिच्या माहेरच्या वळणापर्यंत जाऊन पोंचतें. यासाठीं मंडळी गांवीं पोंचण्यापूर्वींच मुलाच्या बापानें आपल्या आईशीं फोनवर दोन शब्द बोलून ठेवावे: मूल किती वाजतां निजतें, दुपारीं किती वेळ झोंपतें, कशानें दचकतें. स्वतःच्या आईला हें सांगणें त्याला सोपें असतें. तें त्यानें बायकोवर ढकलूं नये. आजोबांनींहि एक गोष्ट करावी. देवघरांतील घंटा आणि शेजघरांतील दूरदर्शनसंच यांपैकीं पहिलीचा आवाज मुलाला दोन मिनिटें सोसावा लागतो, दुसऱ्याचा चार तास. तेव्हां संकोच कोठें करावयाचा तें त्यांनीं ठरवावें.

जागेचा विचार याला लागूनच येतो. मराठवाड्यांतील जुन्या माळवदाच्या घरांत हातभर जाड भिंतींमागें एक मधली खोली असते; रस्त्याचा आवाज आणि उजेड तेथें कमी पोंचतो. नव्या सिमेंटच्या घरांत पाहुण्यांना मान म्हणून पुढची, रस्त्याकडच्या खिडकीची खोली देतात. तान्हें मूल असलेल्या जोडप्याला ती देऊं नये. मान कमी झाला तरी चालेल, मागची खोली द्यावी. दिवाळीच्या सुमारास मंठ्याला सूर्य सायंकाळीं सहाच्या आंतबाहेर मावळतो; म्हणजे निसर्गानें मुलासाठीं वेळेवर अंधार केलेला असतो. तो नासण्याचें काम माणसें करतात. कोलोरॅडो विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं तीन ते पांच वर्षांच्या दहा मुलांना झोंपेच्या वेळेआधीं एक तास प्रखर उजेडांत खेळविलें, तेव्हां झोंप आणणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याचें प्रमाण शेंकडा ऐंशींहून अधिक घटलें, आणि दिवा मालविल्यावरहि पाऊण तासाहून अधिक काळ तें दबलेलेंच राहिलें. मुलें थोडीं होतीं हें खरें. परंतु लुकलुकणाऱ्या विजेच्या माळा ज्या खोलींत रात्रभर चालू असतात, त्या खोलींत झोंपावयाची पाळी आलेल्या मुलाची स्थिति यावरून कल्पितां येते. आकाशकंदील दारांत शोभतो. शेजघराच्या खिडकींतला निदान आठ वाजतां बंद करावा. भ्रमणध्वनीवरील चित्रसंवादाचेंहि तेंच. अमेरिकेंतील काकाची सकाळ म्हणजे मंठ्याची रात्र. 'काकाला हात कर' म्हणून झोंपेस आलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर तो झगझगीत पडदा धरण्यापेक्षां काकानेंच एक दिवस आपली झोंप मोडावी.

फटाक्यांविषयीं कायदा बराच बोलला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागासाठीं रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत आवाजाचे फटाके उडविण्यास मनाई केली. गल्लींतल्या पोरांना मात्र न्यायालय दूर आणि किराणा दुकान जवळ. त्यांना दटावण्यापेक्षां त्यांच्याच आयांकरवीं सांगितलेलें बरें पडतें. परंतु आवाजाइतकाच धूर घातक, ही गोष्ट सुशिक्षितहि विसरतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननें विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसह २०१६ सालीं निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत अधिक सूक्ष्म कण ज्यांतून निघाले तो सुतळी बॉम्ब नव्हता, हजारांची लडहि नव्हती. ती होती नागगोळी, म्हणजे मुळींच आवाज न करणारी म्हणून लहानग्यांच्या हातीं जी निर्धास्तपणें देतात ती सापाची गोळी. ओसरीवर बसून नातवासमोर ओळीनें साप काढून दाखविणाऱ्या आजोबांचा हेतु प्रेमाचाच असतो. त्या रात्रीं नातवाचें नाक चोंदतें आणि तें तोंडानें श्वास घेत रडत उठतें, त्याचा संबंध कोणी सापाशीं लावीत नाहीं. नाक हाच तान्ह्याचा श्वासाचा मुख्य मार्ग असतो. धूर होत असेल तेव्हां त्याला आंतल्या खोलींत ठेवावें, आणि अंगणांतला धूर ओसरल्यावरच खिडक्या उघडाव्या.

यानंतरचा विषय झोंप लागण्याचा नसून झोंपेंतून सुखरूप उठण्याचा आहे, आणि त्याबाबत थोडा कठोरपणा क्षम्य मानावा. दिवाळींत घर भरतें तेव्हां जमिनीवर एका ओळींत गाद्या पसरतात, आणि दोन मोठ्या माणसांच्या मध्यें, ताज्या कापसाच्या मऊ गादीवर, जाड गोधडीखालीं मूल टाकलें जातें. 'मध्यें आहे, पडणार नाहीं' एवढाच विचार असतो. एक वर्षाखालील मुलाला उताणेंच निजवावें. इंग्लंडांत १९९१ पासून आणि अमेरिकेंत १९९४ पासून हा उपदेश घरोघर पोंचविण्यांत आला, तेव्हां झोंपेंत अकस्मात् होणारे बालमृत्यु पुढील कांहीं वर्षांत निम्म्यावर आले. वैद्यकांत इतकें स्वस्त औषध क्वचितच सांपडतें. अंथरूण सपाट व कठीण असावें, उशी नसावी, तोंडावर येईल असें पांघरूण नसावें. आईच्या खोलींत, आईच्या हाताशीं, परंतु स्वतंत्र अंथरुणावर, ही व्यवस्था सर्वांत चांगली. ज्यानें मद्य घेतलें आहे, जो बिडी-सिगारेट ओढतो, किंवा जो प्रवासानें शिणून मेल्यासारखा झोंपला आहे, त्याच्या कुशींत तान्हें मूल ठेवूं नये, मग तो सख्खा काका असो. लोकरी टोपडें आणि कुंची बाहेर शोभते. घरांत झोंपतांना डोकें उघडें असावें, नाहींतर अंगांतली उष्णता बाहेर जाण्याचा मार्गच बंद होतो. मूल फार तापलें आहे कीं काय हें हातापायांवरून पाहूं नये, मानेला मागून हात लावून पाहावें.

लुगड्याची झोळी हा मराठवाड्यांतील घराघराचा जिव्हाळ्याचा विषय, आणि तिच्याविरुद्ध सरसकट बोलणें अन्यायाचें होईल. झोळी झुलते म्हणून मूल लवकर झोंपतें, हें खरेंच आहे. परंतु झोळींत मुलाची पाठ वांकते, हनुवटी छातीवर येते, आणि फार लहान मुलाचा श्वास त्या स्थितींत अडूं शकतो. जरा मोठें मूल उठून कापडांत गुरफटण्याचें भय असतें. म्हणून झोळींत झोंप लागूं द्यावी, लागली कीं खालीं अंथरुणावर ठेवावें, आणि झोळीजवळ कोणीतरी बसलेलें असावें. दिवाळींत बसायला माणसें कमी नसतात.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सारें सांगावयाचें ती. मूल झोंपत नाहीं म्हणून त्याला कांहींतरी पाजून झोंपविण्याची बुद्धि जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी डॉक्टर बार्न्स या बाईंनीं सरकारसाठीं केली. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत, त्यांच्या जवळजवळ सर्व मुलांस अफू दिली जाते असें नमूद झालें. 'बाळागोळी' या लाडक्या नांवानें ती विकली जाई. दहा-दहा तास यंत्रावर उभ्या राहणाऱ्या त्या आयांना दोष देणें सोपें होतें; मूल ठेवावयास जागा नव्हती, आणि निजलेलें मूल हीच त्यांची दाई होती. आज अफूची गोळी गेली, परंतु तिची जागा एका बाटलीनें घेतली आहे. रात्रीच्या प्रवासांत मूल रडूं नये, लक्ष्मीपूजनांत व्यत्यय येऊं नये, म्हणून सर्दीखोकल्याचें गुंगी आणणारें औषध चमचाभर देणारीं सुशिक्षित घरें आहेत. शेजारीण सांगते, दुकानदार देतो, आणि बाटलीवरचीं बारीक अक्षरें कोणी वाचीत नाहीं.

तीं वाचावीं. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊं नये, असें बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनीं २०२३ च्या डिसेंबरांत काढला. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर तर याहून भयंकर प्रकार घडला. मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याचें औषध घेतलेलीं वीसांहून अधिक बालकें मूत्रपिंडें निकामी होऊन दगावलीं. त्यांतल्या अनेकांवर नागपुरांत उपचार चालले होते. त्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष निघालें. तीं मुलें खोकल्यासाठीं औषध घेत होतीं, झोंपेसाठीं नव्हे. परंतु त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्यानें जी सूचना काढली ती झोंपेसाठीं बाटली उघडणाऱ्यांनाहि तितकीच लागू आहे. दोन वर्षांखालील मुलांस सर्दीखोकल्याचीं औषधें देऊं नयेत, आणि पांच वर्षांखालीं तीं सामान्यतः योग्य नाहींत, असें त्यांत सांगितलें आहे. गुंगी आलेल्या तान्ह्याचा श्वास मंदावूं शकतो; तें गाढ झोंपलें आहे असें घरच्यांना वाटतें, आणि वाटतां वाटतां वेळ निघून जाते. डॉक्टरांनीं त्या मुलाला पाहून, त्याच दुखण्यासाठीं लिहून दिलेल्या औषधावांचून एकहि थेंब देऊं नये. जायफळ उगाळून चाटविण्याच्या बाबतींतहि हात आंखडताच ठेवावा. जास्त झालेलें जायफळ विषारी असतें, आणि सहाणेवर किती उगाळलें गेलें याचें माप कोणाच्याच घरीं नसतें.

खाण्यापिण्याचें थोडक्यांत. लाडू-करंज्यांतील साखरेनें मुलें चळतात हा समज सार्वत्रिक आहे, पण तो टिकलेला नाहीं; १९९५ सालीं अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या परीक्षणांत साखरेचा मुलांच्या वागण्यावर तसा परिणाम आढळला नाहीं. मूल चळतें तें लाडवाभोंवतींच्या गोंगाटानें. दांतांसाठीं आणि भुकेसाठीं साखर टाळावी, हें निराळें. चहाचें मात्र खरें आहे. बशींत ओतून फुंकर मारून दोन वर्षांच्या नातवाला घोटभर चहा पाजण्याची हौस कित्येक घरांत असते. सायंकाळचा तो घोट रात्रीं अकराला जागा असतो.

मग झोंप लागावयाची कशानें? क्रमानें. २००९ सालीं अमेरिकेंतील ४०५ मातांकडून एक प्रयोग करून घेण्यांत आला. कांहींनीं दोन आठवडे रोज रात्रीं एकाच क्रमानें मुलाला न्हाऊं घालावयाचें, अंगाला हलकें मर्दन करावयाचें, आणि मग शांतपणें कुशींत घेऊन गाणें किंवा गोष्ट सांगावयाची. नंतर दिवा मालवावयाचा. सात महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या त्या मुलांना झोंप लवकर लागूं लागली, रात्रीचें उठणें कमी झालें, आणि आयांची मनःस्थितिहि सुधारली. मंठ्याच्या आजीला यांत नवें काय दिसणार? तेल, ऊन पाणी आणि अंगाई! फक्त पहांटे चारच्याऐवजीं सायंकाळीं सात वाजतां, आणि चारहि दिवस तोच क्रम. अंगाई चांगल्या गळ्यानें म्हटली पाहिजे असें नाहीं. तीच ओळ, तोच सूर, तोच मंद आवाज पुन्हां पुन्हां यावा, म्हणजे पुढें काय येणार हें मुलाला कळतें. परक्या घरांत त्याला ओळखीचें असें तेवढेंच असतें. यासाठीं पुण्याहून निघतांना त्याचें रोजचें वापरलेलें दुपटें न धुतां बरोबर घ्यावें. त्याचा वास हेंच त्याचें घर. आठ महिन्यांच्या पुढें मुलें अनोळखी चेहऱ्यांना बुजतात, तो वाढीचाच एक टप्पा आहे. तेव्हां आत्या-काकूंनीं आल्याबरोबर ओढून घेण्यापेक्षां आईच्या मांडीवर असतांनाच त्याच्याशीं बोलावें, तासाभरानें तें स्वतः हात पुढें करतें. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं उशीर होणारच असेल तर दुपारची झोंप मात्र कोणत्याहि कारणानें मोडूं नये.

भाऊबीज उरकली कीं गांव पुन्हां रिकामें होऊं लागतें. याच सुमारास तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून ऊसतोडीला जाणारीं कुटुंबेंहि निघतात. त्यांचीं तान्हीं मुलें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भांड्याकुंड्यांमध्यें निजलेलीं असतात आणि पुढचे चारपांच महिने फडाच्या कडेला निजतात. त्यांच्या झोंपेचा विचार करावयाचा तर मजुरीचा आणि पाळणाघरांचा विचार करावा लागेल, आणि तो एका भाषणांत मावणारा नाहीं.

शहराकडे परतणाऱ्यांनीं शक्य असल्यास दुपारच्या झोंपेची वेळ साधून प्रवासास निघावें, गाडींत मुलासाठीं त्याची स्वतंत्र खुर्ची बांधलेली असावी, आणि घरीं पोंचतांच पहिल्या रात्रीपासून जुनी वेळ धरावी. सकाळीं ठरलेल्या वेळीं उठवून खिडकींतल्या उजेडांत बसवावें. सवय मोडण्यास चार दिवस लागले असतील तर जुळण्यास आठवडा लागेल, तोंवर रात्रीं दोनदां उठलें म्हणून घाबरूं नये. आईला त्या आठवड्यांत दुपारीं तासभर निजतां येईल अशी व्यवस्था बापानें करावी. मंठ्याहून दिलेल्या फराळाच्या डब्यांमुळें स्वयंपाकाचें काम तसेंहि दोन दिवस कमी असतें.